रस्त्यावरच्या बांध्या

बाबा, आज सकाळी सात वाजता मी आपल्या आंबागडच्या सिमेंट रस्त्यावर उकिडवा बसून ब्रशने धूळ झाडत होतो. बोडीजवळचा, त्या छोट्या तळ्याकाठचा, तुम्ही केलेला भाग. तो आता सलग राहिलेला नाही. जड गाड्यांनी भेगा पडल्या, म्हणून यंत्राने सगळा फोडला आणि वरून रोलर फिरवला. तुकडे फेकायचे नाहीत. ते एकमेकांत घट्ट बसले असतील, तर त्यांच्यावरच डांबर येणार. घट्ट बसलेत का, हे न खोदता मोजायचं काम आमच्या गाडीचं. लोखंडी ताट टेकवून त्यावर वजन पाडतात आणि रस्ता किती दबला ते पाहतात. ताटाखालची जागा साफ करणं माझ्याकडे आहे. भाग ढिला निघाला तर खणून काढतील. तुम्ही गेल्यावर तुमच्या हातचं गावात तेवढंच उरलंय.

मला तो उन्हाळा दिसतो. काँक्रीट टाकून झालंय आणि ते वाळू नये म्हणून तुम्ही मातीचे बारीक बांध घालताय, धानाच्या शेतात बांध्या, म्हणजे वाफे, पाडावेत तसे, आणि त्यांत बोडीचं पाणी भरताय. शेजारचे काका सायकल थांबवून, जणू भातलावणीच आहे अशा थाटात विचारतात, "का गा, रोवणा कधी हाय?"

"वहिनीले धाड ना, उद्याच लावतो," तुम्ही मान वर न करता म्हणता.

मी हसत हसत एका बांधीत उतरतो आणि बांध फुटतो.

"काहून फोडला रे? आता भर पाणी!"

संध्याकाळपर्यंत मी फुगून बादल्या वाहतो. शेवटची ओतल्यावर तुम्ही विचारता, "पाय थंड झाले? मंग रस्त्याले बी थंड वाटत असन." तेवढ्यावर माझा राग गेला होता.

आज ओट्यावरून एक आजी ओरडली, "चांगला रस्ता फोडला, अन् आता नाडी पाहून राहिले!"

"नाडीच बघतोय, आजी," आमच्या इंजिनिअर मॅडम हसल्या. वजन तीनदा पडलं आणि आकडा तीनदा वेगळा आला. "इथं ढिलं दिसतंय," त्या म्हणाल्या. मी वाकून हात लावला. ताटाच्या कडेखाली एक तुकडा डुलत होता. "मॅडम, ताट नीट बसलं नाही." बोलताना माझे कान तापले. हे मी रस्त्यासाठी म्हणतोय की तुमच्यासाठी? मॅडमनी स्वतः तुकडा दाबून पाहिला आणि ताट थोडं सरकवलं. या वेळी तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले. "हे चांगलं बसलंय," त्या म्हणाल्या.

पुढे रस्त्याखालच्या मोरीपाशी, जिथं बारमाही पाणी झिरपतं, तिथं आकडे वाईट आले. मी दोनदा वाकून डुलणारा तुकडा शोधला. नव्हता. मी ब्रश उचलून बाजूला झालो. तेवढा भाग खणतील, बाबा. बाकीचा तुमचा रस्ता डांबराखाली राहील आणि वरच्या गाड्यांचं ओझं पेलेल.

हे आईला वाचून दाखवावं असं वाटलं होतं, पण मोरीपाशी तुमचं काम का खणतायत, हेच ती आधी विचारील. म्हणून कागद डब्याच्या पिशवीत घालून ठेवतोय. हा रस्ता माझ्या वडिलांनी केला, हे मी मॅडमना सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी ताटाजवळ दुसऱ्याला बसवलं असतं, आणि आज मला तिथंच बसायचं होतं.