ओढ्याकाठचा तुकडा

प्रिय दादा,

वहिनीचा गुडघा कसा आहे? औषध वेळेवर घेतेय ना, की नुसती दुसऱ्यांनाच डोस पाजतेय? इकडे सगळं ठीक आहे असं लिहिणार होते, पण तुला मारलेली थाप मला कधी पचलीय! ठीक नाहीये. घाबरलेय मी.

ह्यांची शाळेची व्हॅन तुला माहितीच आहे. डिझेल वाढलं तसे ह्यांनी दर वाढवले, आणि दर वाढले तशी एकेक आई येऊन हळूच सांगून गेली, की आमची आता चालतच जाईल, तेवढाच व्यायाम. व्हॅन निम्मी रिकामी फिरते. घरात म्हणशील तर डाळ अर्धवट शिजली की मी गॅस बंद करते, उरलेली वाफेवर होते. भाजीवालीने भाव सांगितला की मी तिच्या मुलांची चौकशी करून परत येते.

तशात ह्यांच्या डोक्यात शेतीचं भूत शिरलं. रंगाच्या रिकाम्या डब्यांत गच्चीवर टोमॅटो लावले होते, ते बिचारे लागलेही. झालं! अख्ख्या बिल्डिंगला एकेक वाटून आले, जसा काही ह्यांनीच टोमॅटोचा शोध लावला. आता म्हणतात, तुझ्या दादाचा ओढ्याकाठचा तुकडा पडीकच आहे, तो कसायला मागू, व्हॅन विकू, तिथेच दोन खोल्या बांधू. स्वतःचं पिकवायचं, स्वतःचं खायचं, भाव कुठेही जाऊ देत. लेकही बापाला सामील. कोंबड्यांची नावंसुद्धा ठरवून बसलीय. मी हो हो म्हणते आणि भांडी घासायला उठते.

मला ते वर्ष आठवतं रे. बियाण्याचे बटाटे आईने शिजवले होते, ते. कोंब खुडून, हिरवा भाग कापून आपल्याला वाढले आणि स्वतः जेवलीच नाही. लावणीच्या दिवशी बाबा आत पोतं आणायला गेले आणि रिकामं पोतं घेऊन बाहेर आले. मला वाटलं, आता आईची काही खैर नाही. पण ते पायरीवर बसून राहिले, आणि आई आत उगाचच डबे इकडचे तिकडे करत होती. त्या वर्षी वावर मोकळंच राहिलं. बाबा बाहेरगावी कामाला गेले, आणि नंतर आपल्याच घरी पाहुण्यासारखे यायला लागले. ह्यांना यातलं काही सांगितलेलं नाही मी. हे चारचौघांत कौतुकाने सांगतात, आमची बायको शेतातच वाढलीय, तिला सगळं येतं.

परवा एक माणूस व्हॅन बघून गेला. टायर दाबले, आत बसून हॉर्न वाजवला. ती एकदा विकली की परत यायला काही उरत नाही, दादा. पाऊस फसला, कीड पडली, तर आम्ही लेकीच्या ताटात काय वाढायचं? तू तिथे मुरलेला, तरी आभाळाकडे बघताना तुझा चेहरा कसा होतो ते मी दर सुट्टीत बघते.

म्हणून सांगते, तू नाही म्हण. तुकडा तुलाच लागणार आहे, वहिनीला पसंत नाही, काय वाट्टेल ते सांग. माझ्याच्याने होत नाही रे. वर्षभरात पहिल्यांदा हा माणूस शीळ घालत दाढी करतोय, त्याला मी कुठल्या तोंडाने अडवू? एवढा वाईटपणा तू घे. आणि जपून वाच. हे पत्र मी ह्यांच्याच हाती देतेय. त्यांना वाटतंय, तुकडा दे म्हणून मी तुला गळ घातलीय. खुशीत पाकीट स्वतः चिकटवणार आहेत. आत्ता ते तुझ्यासमोरच बसले असतील, तुझ्या तोंडाकडे बघत. दादा, चेहरा बदलू देऊ नकोस.

तुझीच,
बारकी