जबड्याचं ऑपरेशन आणि उसाची एक सरी

मंगळवार संध्याकाळ, माधवनगर

मंजूर! विमा कंपनीनं माझं जबड्याचं ऑपरेशन एकदाचं मंजूर केलं.

पहिला अर्ज नाकारला, कारण आप्पांनी त्यात लिहिलं होतं, 'मुलीचं लग्न जमत नाही.' कंपनी म्हणाली, हा सौंदर्याचा खर्च. कसली चिडले होते मी! लग्न काय जबड्याशी लावायचंय?

दुसऱ्यांदा मीच लिहिलं: जबडे जुळत नाहीत, घास चावता येत नाही. घरचा ऊस आहे, पण एक कांडं कधी दातांनी सोललेलं नाही.

आप्पांना मंजुरीचं सांगितलं. वाटलं, आता स्थळांचं काढणार.

म्हणाले, "औंदा एक सरी तोडायची न्हाई. बरी झालीस की तूच सोल."