डोळे बांधून पाच कप

४ डिसें. ८३, रविवार

सकाळपासून चार चहा झाले. चारही मायच्या हातचे. दूध, साखर, आलं, आणि उकळून उकळून विटेच्या रंगाचा केलेला. सिलिगुडीच्या गोदामात कोणी असा चहा केला तर तिथला चव घेणारा घोषबाबू पातेल्यासकट बाहेर काढेल. पण घरचा तो घरचा. दोनदा मागून घेतला.

पिशवीतल्या पाच पुड्या काढून फडताळात ठेवल्या. निघताना घो. बाबूनेच दिल्या. दार्जिलिंग दोन (एक वसंतातल्या पहिल्या तोडीचा, एक उन्हाळ्यातला), आसाम पानाचा, आसाम दाणेदार, आणि डुआर्सचा दाणेदार. म्हणाला, घरी जाऊन जिभेला शिकव. जानेवारीत परत आला की टेबलावर बसवून पाहतो. पाच कप बरोबर सांगितले तर पेट्या उचलणं बंद, माझ्याजवळ चव घ्यायला बसशील. एकच अट, तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात दिसला नाही पाहिजे.

टेबलावर बसलो म्हणजे मग तिकडचाच झालो. वर्षा-दोन वर्षांतून घरी.

इकडे दादानं कळमेश्वरच्या कंपनीत साहेबाशी बोलून ठेवलं आहे. १९ तारखेला त्याला सांगायचं, येतो की नाही. सातवी नापासाला पक्की नोकरी कोण देते.

माझं मन चार दिवस एका जागी राहत नाही. भिलाई झालं, कलकत्ता झालं, मग सिलिगुडी. म्हणून रात्रीच्या जेवणावर सगळ्यांसमोर सांगून टाकलं. घरीच डोळे बांधून पाच कप चाखतो. पाचही ओळखले तर सिलि., नाही तर कळमेश्वर.

दादा : "पक्कं न? मांगून फिरशीन नाही?"
म्हटलं, "नाही फिरत."
वहिनी : "मंग त् पाचही कपात एकच चहा टाकावा लागन मले."
माय हसली. बाबा जेवत होते, जेवत राहिले.

६ डिसें., मंगळ

सुरुवात केली. एका कपाला चवन्नीच्या वजनाइतका चहा, वरून खळखळ उकळतं पाणी, झाकण, पाच मिनिटं. दूध नाही, साखर नाही. तोलायला बाबांचा लुगड्याची जर तोलायचा काटा घेतला. एका पारड्यात चवन्नी, दुसऱ्यात चहा.

बाबा हातमागावरून पाहून राहिले होते. "जरीच्या काट्यावर पाला तोलून राहिला."
म्हटलं, "पुसून ठेवतो."
"पुसजो," म्हणाले.

वहिनीनं डोळ्यांवर रुमाल बांधला, इतका घट्ट की कान दुखले. चमच्यानं चहा घ्यायचा, हवेबरोबर जोरात ओढायचा, तोंडभर फिरवायचा, थुंकायचा. पहिला सुर्रका ऐकून माय धावत आली.

"काय झालं वं याले? ठसका लागला का?"
वहिनी (सासूला मामीच म्हणते ती) : "नाही मामी. हे त्यायचं काम आहे."
"अन् हे बादलीत काहून थुंकते? चांगला चहा आहे न तो?"
"चांगला आहे म्हणूनच थुंकते म्हणे."

माय बराच वेळ तिथंच उभी राहिली. थुंकलं की तिचा जीव जाई.

दोन बरोबर, दोन चूक. पाचवा उरलेला म्हणून सांगितला तर वहिनी म्हणते, उरलेला कोणालेही सांगता येते. उद्यापासून कोणतीही पुडी दोनदा टाकीन, कोणती टाकणारही नाही. तिचं बरोबर आहे. घो. बाबूही असंच करेल.

८ डिसें.

गज्या आला. शाळेतला दोस्त, आता पॉवरलूमवर आहे. आल्याबरोबर खर्ऱ्याची पन्नी पुढे केली. तोंडाला पाणी सुटलं, पण नको म्हटलं. का म्हणून विचारलं तर सांगितलं सगळं.

"म्हणजे तिकडे चहा पेऊन थुंकायचा पगार देते?"
"होय."
"अबे, थुंकायचाच पगार भेटत असन त् आपला अख्खा मोहल्ला लखपती झाला असता."

त्याला उन्हाळी दार्जिलिंग करून दिला, कोरा. एक घोट घेतला, कपात पाहिलं, मला पाहिलं. "कोणी बिमार आहे का घरी?" मग साखर मागितली. मग दूध. मग म्हणाला, आता जमला.

खर्रा सोडून आठवडा झाला. दुपारी जेवण झालं की हात आपोआप खिशात जाते.

११ डिसें., रविवार

आज चाखणं नाही. आज नुसतं पिणं. दादाला सुट्टी, ऊन छान, अंगणात चटई टाकली. वहिनी म्हणाली, तुमच्या त्या परीक्षेचा कंटाळा आला भाऊजी, आज माह्या मनचे चहे करू.

संत्री आणली होती. सालं दोन दिवस पत्र्यावर वाळवली होती तिनं. त्यातली थोडी चुरून आसामच्या पानाबरोबर केटलीत टाकली. वास आधी आला, चहा मागून. कडसर, पण गोड लागत राहिला मागून, साखर नसताना. मी तीन कप प्यालो, एकही थुंकला नाही.

मग गवती चहाची पात. मग मायची सुंठ आणि मिरं, त्यानं कान गरम झाले. मग वेलची. दालचिनीचा दादानं केला, लाकडासारखा झाला, कोणी प्याला नाही, तो एकटा हट्टानं पीत बसला. "चांगला आहे," म्हणे. डोळ्यात पाणी.

वहिनी : "तुम्ही दोघं भाऊ कंपनी काढा. एक थुंकन, एक रडन."

बाबांनी फक्त संत्र्याचा घेतला. अर्धा कप. मागावर घेऊन गेले.

असा दिवस तिकडे नसते. तिकडे गोदामात चहाच चहा, पण बसून कोणी पीत नाही.

१३ डिसें.

आज एक बरोबर.

दिवसेंदिवस कमी होऊन राहिलं. खर्रा बंद आहे, तिखट कमी केलं आहे, तरी. पाचही कप सारखेच लागते. जाड, काळपट, जिभेवर खरखरीत. वसंतातल्या दार्जिलिंगचा रंग तिकडे सोन्यासारखा असते, फुलासारखा वास येते. इथं चहाच्या वर साय धरल्यासारखा पापुद्रा. वास तर नाहीच. पुड्या खराब झाल्या म्हणावं तर सुकी पत्ती हातात घेतली की वास बरोबर आहे.

म्हणजे माझीच जीभ गेली. इतकी वर्षं खर्रा खाल्ला, तेच झालं असणार. पेट्या उचलत होतो तेव्हा घो. बाबूच्या मागं उभा राहून चोरून चाखत होतो, तेव्हा कळत होतं. की कळतं असं वाटत होतं?

माय चुलीजवळून : "नाही जमत त् नाही जमत. कळमेश्वरले सकाळी डबा घेऊन जाशीन, सांजच्याले घरी येशीन. काय वाईट आहे त्यात?"

तिला आनंद झाला आहे. लपवते, पण लपत नाही. आज वांग्याच्या भाजीत तेल जास्त होतं.

१५ डिसें., गुरुवार

काल पुन्हा दोन. आज एक. दादाला म्हटलं, साहेबाला सांगून टाक येतो म्हणून. दादा म्हणाला, रविवारपर्यंत थांब, तूच शब्द दिला आहे, पूर्ण कर. सोमवारी सांगतो त्याला.

थांबून काय होणार.

दुपारी मायनं सांगितलं म्हणून बाबांजवळ सुताच्या कांड्या नेऊन दिल्या. लाल काठाचं लुगडं चालू आहे मागावर. दुसरा माग दादा कंपनीत गेल्यापासून बंदच आहे, त्याच्यावर गोधड्या ठेवल्या आहेत. मी कधीतरी त्याच्यावर बसेन असं बाबांनी आजवर एकदाही म्हटलं नाही. मनात असेल.

धोटा थांबवून अचानक विचारलं, "तिकडे पाणी कसं असते?"
मला वाटलं प्यायचं विचारून राहिले. म्हटलं, "डोंगराचं. हलकं. साबणाचा फेस निघता निघत नाही अंगावरचा."
"हं," म्हणाले, अन् पुन्हा धोटा सुरू.

१६ डिसें.

सकाळी नळ आला तेव्हा मायच्या आधी बाबा नळावर. बाबा कधी पाणी भरत नाहीत. पाण्याचा पितळी गुंड भरून आणला, फडक्यानं गाळला, ओट्यावर माझ्या काट्याजवळ ठेवला.

"याच्यात कर."
"काहून? रोज करतोच न."
"रोज विहिरीचं घेते तू. नळाचं तुही माय डाळीसाठी ठेवते. डाळ शिजत नाही न विहिरीच्या पाण्यात, जड आहे ते."
मी पाहतच राहिलो.
"मी सूत रंगवत होतो तेव्हा त्या विहिरीत लाल कधी उघडला नाही. मातकट होई. रंगाचं तेच, चहाचंही तेच असन."

एवढंच बोलून मागावर गेले.

खरं आहे. आमच्या घरात नळ सकाळी थोडा वेळ येते, ते पाणी डाळीला आणि प्यायला. चहाला विहिरीचं. लहानपणापासून तसंच. दूध-साखरेत काय कळते. मीही कधी विचार केला नाही, वहिनीनं आधणात जे ओतलं ते ओतलं.

माय भांडी घासता घासता बाबांना म्हणाली, "तुम्हीच पाठवून राहिले त्याले."
मागावरून आवाज आला, "मी पाणी आणलं."

 भांडी जरा जोरात वाजली.

१७ डिसें., शनिवार

नळाच्या पाण्यात केला. झाकण उचललं आणि वास आला. वसंतातला दार्जिलिंग. डोळे बांधलेले नव्हते, तरी मिटले. रंग हलका, पापुद्रा नाही, कपाचा तळ दिसते.

परीक्षा नाही केली. एकेक करून पाचही नुसते प्यालो. आसामचं पान गुळासारखं भारी. दाणेदार तोंड धरते, पण आता त्याच्यातही दोन वेगळे दिसून राहिले, आसामचा भरून येते, डुआर्सचा लवकर सरते. इतके दिवस हे सगळं त्या पाण्याखाली दबून होतं.

वहिनीला दिला. तिनं दोन घोट घेतले. मग : "भाऊजी, हा खरंच त्याच पुडीतला आहे?"

बाबांनाही नेऊन दिला, वसंतातला. न विचारता. कप दोन्ही हातांत धरून हळू प्याले.
"कसा आहे?"
"गरीब चहा आहे. पण वाईट नाही." थोड्या वेळानं, "वास चांगला आहे. कशाचा आहे सांगता येत नाही."

मायनं घेतला नाही. तिला सांगितलं, तुझ्यासाठी दूध टाकून करतो. नको म्हणाली, पोट भरलं आहे.

आता वाटून राहिलं आहे, कशाला शब्द दिला. पाणी तसंच राहिलं असतं तर मी कळमेश्वरला गेलो असतो आणि जीभ खराब होती असं समजून मोकळा झालो असतो. आता तसं नाही म्हणता येत.

१८ डिसें., रविवार

दुपारची जेवणं झाल्यावर बसलो. दादा दाराजवळ, माय चरख्यावर कांड्या भरत. बाबा आज मागावर गेले नाहीत, बाजूला पाटावर बसले. नळाच्या पाण्याचा गुंड सकाळीच भरून ठेवलेला होता. कोणी भरला विचारलं नाही.

वहिनीनं रुमाल बांधला. आज सैल.

पहिला कप. आसाम दाणेदार.
"बरोबर," वहिनी मोठ्यानं.
दुसरा. उन्हाळी दार्जिलिंग.
"बरोबर."
तिसरा पुन्हा आसाम दाणेदारच. तिनं फसवायला दोनदा टाकला होता. सांगितलं.
दादा हसला. "चालू आहे तुही वहिनी."
चौथा. डुआर्स. इथं थांबलो थोडा, दोनदा चाखला.
"बरोबर." या वेळी तिचा आवाज बारीक.

चरखा बंद झालेला ऐकू आला.

पाचवा तोंडात घेतला. ओढला, फिरवला. ओठाला चमचा लागायच्या आधीच कळलं होतं.

 रुमालाच्या आत अंधार आणि तो फुलासारखा वास. मी म्हटलं, "याचं कळून नाही राहिलं."

 मायनं श्वास सोडला तो मला ऐकू आला.

"कळलं तुले," बाबा म्हणाले.

"राहू द्या न," माय. "तो नाही म्हणते त् नाही."

"कळलं त्याले," पुन्हा तेवढ्याच आवाजात. मग पाट सरकल्याचा आवाज. रुमाल सोडला तेव्हा ते मागाच्या खड्ड्यात उतरून बसले होते, पाय पट्टीवर, पाठ माझ्याकडे.

दादा विचारून राहिला, उद्या साहेबाला काय सांगू. म्हटलं, सकाळी सांगतो.

वहिनीनं चार कप धुतले. पाचवा घेऊन उभी राहिली, फेकू का म्हणून. म्हटलं, राहू दे. तिनं बशी झाकून ओट्यावर ठेवला.

संध्याकाळचं ऊन अजून अंगणात आहे. बाबांचा माग चालू आहे. माय दोनदा ओट्याजवळ जाऊन आली, बशी उचलून पाहिली नाही.