पिकलेटची परीक्षा

३ मार्च, सोमवार
एकही चूक नाही! उंदराच्या प्रत्येक डब्यासमोर माकारेची कुत्री पिकलेट टुणकन बसली. बसली म्हणजे 'इथे उंदीर आहे'. रिकाम्या डब्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही पोरीने. मी पडद्याआडून बघत होते. कुत्रीसमोर मी कधीच जात नाही — माझ्या नजरेवरून तिला उत्तर कळायला नको. कुठल्या डब्यात काय आहे, हे तिच्या मालकिणीलाही सांगत नाही. माकारेला उगाच माना डोलवायची सवय आहे!

५ मार्च
आज पाऊस, वारा. तरी तोच निकाल.

९ मार्च
माकारेचा फोन. "डॉक्टरीणबाई, दरवेळी तेच उत्तर आलं म्हणून ते खरं झालं होय? आमच्या बाबांचा मासळी तोलायचा काटा दरवेळी तेवढंच वजन दाखवायचा. गंजून अडकला होता मेला!"

हसले, आणि मग तिची शिकवणीच घेतली. अगं, म्हणून तर रिकामे डबे ठेवतो ना! अडकलेला काटा रिकाम्या पारड्यालाही तेवढंच वजन दाखवेल. पिकलेट रिकाम्या डब्यासमोर बसते का? नाही. म्हणजे उत्तर पक्कं आहे आणि बरोबरही आहे. आणखी काय पाहिजे?

"बरं बाई, तुझंच खरं." हरली की असं म्हणते.

१२ मार्च
तरी तिचं बोलणं डोक्यात राहिलं. उंदराचा वास रिकाम्या डब्यांना लागत असेल तर? छे! पिकलेट पिल्लू होती तेव्हापासून आमचं सोवळंओवळं कडक आहे. उंदरांच्या डब्यांना हात लावायचा तो फक्त मी. रिकाम्यांना फक्त डेसने. शेजारचा हा निवृत्त पोस्टमन उंदराचं नाव काढलं तरी शहारतो. "मर्ना, तुझी घाण तू सांभाळ, माझे डबे मी सांभाळतो!" असा मदतनीस मिळायला भाग्य लागतं.

१९ मार्च
ज्या बेटावर पक्षी सोडायचेत, तिथे उंदीर उरलेत का याची पाहणी सुरू झाली. माकारे आणि पिकलेट तिथे तंबूत राहतायत. मी मुद्दाम गेले नाही. परीक्षा घेणाऱ्याने निकालाच्या वाटेत उभं राहू नये.

२ एप्रिल
पिकलेटने अख्खं बेट पालथं घातलं. एकदाही बसली नाही. बेटावर उंदीर नाहीत!!

अहवालावर ठसठशीत सही केली. आता तिथे टिएके पक्षी सोडता येतील. उंदीर असले तर या पक्ष्यांची अंडी राहत नाहीत, पिल्लं राहत नाहीत, काही वर्षांत पक्षीही राहत नाहीत. म्हणून तर हे पक्षी पिढ्यानपिढ्या राखणारी माकारेच्या आजोळची माणसं इतकी वर्षं ते द्यायला तयार नव्हती. आता झालीत. आनंदाच्या भरात फिजोआचा मुरंबा केला, तो करपला.

२६ एप्रिल, शनिवार
बेटावर चुकूनही काही जाऊ नये म्हणून पहाटे धक्क्यावर सगळ्यांच्या पिशव्या उलट्या केल्या, बुटांचे तळ घासले. मग पक्ष्यांची खोकी होडीत चढली. माकारेच्या मावशी टुइनी शेवटपर्यंत एका खोक्यावर हात ठेवून बसल्या होत्या.

उतरल्यावर म्हणाल्या, "ही आमची लेकरं. देतोय म्हणजे टाकत नाही हो. नीट बघितलंयस ना सगळं?"

"मावशी, निर्धास्त राहा. माझा शब्द."

त्यांच्या रीतीप्रमाणे त्यांनी माझ्या नाकाला नाक लावलं, डोळे मिटले. मग प्रार्थना झाली आणि खोकी उघडली. तांबूस पाठीचे ते जीव भर्रकन झाडीत गेले. मी ढसाढसा रडले, लाजले नाही. आयुष्यात एक काम धड केलं!

त्याच दिवशी, संध्याकाळी
पक्षी बुजू नयेत म्हणून पिकलेटला तंबूत बांधलं होतं. सगळं आटोपल्यावर माकारेने सोडलं. ती थेट माझ्याकडे आली, हुंगलं, आणि माझ्यासमोर बसली.

"मर्ना, खिशात उंदराचा डबा आहे का?"

नव्हता. खिसे उलटे करून दाखवले. पिकलेट हलेना. शेपटी हलवत बक्षिसाची वाट बघत राहिली. उंदरांच्या प्रत्येक डब्याला माझाच हात, माझाच वास. इतके महिने ती मलाच शोधत होती. आणि पाहणीच्या वेळी बेटावर मी नव्हते.

मावशींनी हसत विचारलं, "काय म्हणतेय गं ती?"