रविवारी येतो

मल्लेश्वरम, बेंगळूर
शुक्रवार, १९६१

"रविवारी येतो" असं पुन्हा लिहिताना तुमचा हात अडखळला कसा नाही, ते आधी सांगा.

चि. उमाकांतराव, म्हातारीचा आशीर्वाद घ्या.

मागे तुमचं असंच पत्र आलं, तेव्हा तुमच्या बायकोनं, माझ्या वसूनं, वीस हात मोगऱ्याची माळ आणून गल्लीतल्या बारा दारांना बांधला. जिच्याशी महिनाभर अबोला होता, त्या शेजारणीला "अक्का, अक्का" म्हणत मिठी मारली आणि अंगाला न लागलेली साडी देऊन टाकली. तुम्ही आला नाहीत. सोमवारी मी वसूला वेणी धरून विहिरीच्या काठावरून मागं ओढली.

तुमच्या आईला ही सोंगं वाटतात. सोंग नाही हो. पोरीचा आनंद खराच असतो, पण त्या आनंदाच्या गच्चीला कठडा नाही. ती रडते तेव्हा मी शेजारी बसून डाळ निवडते. हसायला लागली की डाळ टाकून तिच्या मागं मागं फिरते.

म्हणून तुमचं कालचं पत्र मी नाचणीच्या डब्यात पुरलंय. पाप आहे, ठाऊक आहे. सकाळी तिनं विचारलं, "अज्जी, पोस्टमन आला?" मी नाही म्हटलं.

आता हे पत्र पेटीत टाकायला नाक्यावर जायचं, तर तिला एकटी सोडवत नाही. तिच्याच हाती तरी कसं देऊ?

यायचं असेल तर न कळवता या. नांदवायची नसेल तर तेही दारात उभं राहून सांगा. आईकडून उत्तर लिहवून घ्यायचं नाही. उत्तर तुम्ही द्यायचं, तोंडानं.

वसूची अज्जी,
भागीरथी