विहिरीच्या पाळीत काय बदलनार न्हाई

२ डिसेंबर, मंगळवार
कारभारीपन मी मागून घेतलेलं न्हाई. विहीर पाच घरांत सामायिक. कोनाला कवा पानी हे मी ठरवतो, कारन दुसऱ्या कोनाला जमत न्हाई. बस.
आता नात प्रियदर्शनी, नांदेडला कंप्युटर शिकून आली, पाळीचं ॲप बनवून राहिली. ज्याची पाळी त्याच्या मोबाईलवर मेसेज. पन आधी इचारते, आबा, यातलं पुढं काय बदलंल ते सांगा. बदलनारं सुटं ठेवते, बाकीचं पक्कं बसवते. एवढ्यासाठी कालेज? सांगून टाकलं. लाइटचा टाइम पक्का. विहिरीतले आने, म्हंजी ज्याचे-त्याचे हिस्से, आज्याच्या टायमापासूनचे, पक्के. कारभारी संतराम, पक्का. बदलतील फकस्त फोन नंबर, पोट्टे सारखे सिम बदलतेत. म्हनली, पक्कं बसवलेलं मागून काढायला लई तकलीफ. म्हनलं, काढतंय कोन?

९ डिसेंबर
लाइटचा टाइम बदलला. वैजनाथला मेसेज सकाळचा, लाइट दुपारून. येडं मोटरीपाशी बसून राहिलं आन मंग फोनवर मला वाट्टेल ते बोललं. एक गोष्ट हुकली, एवढं काय? आजपासून चिडायचं न्हाई.
संध्याकाळी. चिडलो.

१५ डिसेंबर
हरीश आन त्याचा भाऊ वायले निघाले. चार आन्याचे दोन-दोन आने. ह्यांना बराबर आत्ताच सुचलं. प्रिया म्हनते, एक हिस्सा हलवला की सगळ्या पाळ्या हलतेत, सगळं उसवावं लागंल. म्हनलं, उसव.
नंबर मातर एकाचाबी बदलला न्हाई. जुनेच सिम धरून बसलेत. मुद्दाम.

१९ डिसेंबर
या उसवाउसवीत आशाबाईची पाळी दोनदा गेली. गहू पिवळा पडला. चुलत भावजय, माझ्यासमोर कवा आवाज चढवला न्हाई. आज दारात येऊन म्हनली, “भाऊजी, तुमचं पक्कं ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. माझा गहू वाळून चालला.”
माझी पाळी तिला देऊन टाकली. उपकार न्हाई केले. गव्हाला पानी लागतंयच.

२२ डिसेंबर, सोमवार
विहिरीवर बैठक झाली. आता आशाबाई कारभारीन. मी सोडून सगळ्यांचे हात वर. वैजनाथचे तर दोन्ही.
बरं. मनात म्हनलं, ॲपमंदी नाव माझं हाय, आन पक्कं हाय. उसवायला आठवडा तरी जाईल, तवर मीच. प्रियाला सांगितलं, निवांत कर, घाई न्हाई.
चहा गार व्हायच्या आत नाव बदललं.
म्हनलं, आने बदलायला चार दिवस लागले, हे एवढ्यात कसं? मोबाईलमंदीच बघत म्हनली, “आबा, तेवढं मी पयल्या दिवशीच सुटं ठेवलं होतं.”
काहून, ते मी इचारलं न्हाई. इचारनारबी न्हाई. काय बदलंल आन काय न्हाई, हे आता मला कोनी इचारायचं न्हाई. मी काई सांगनार न्हाई.