खोललेल्या मोटरची पहिली फेरी

अब्बा, आज मी नावेत बसले. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, पण हे सांगावं असं दुसरं माणूस नाही, म्हणून दुकानाचं शटर अर्धं ओढून लिहायला बसलेय. अक्षर लागलं नाही तर रागावू नका. सात रस्त्याच्या आसपास लोक मला नावेच्या मोटरी दुरुस्त करणारी बाई म्हणून ओळखतात, कौतुकही करतात. पण पाणी गुडघ्याच्या वर आलं की माझा श्वास अडकतो, हे फक्त तुम्हाला ठाऊक होतं. तुमचा रिवाज तर पक्का, ज्यानं मोटर खोलली त्यानंच नावेत बसून पहिली फेरी मारायची, मगच नाव लोकांसाठी सोडायची. त्या भरवशावर तर उजनीच्या काठचे नाववाले इतक्या लांब सोलापूरला यायचे. मी मोटरी खोलायला लागले तेव्हा तुम्ही डबा घेऊन एसटीनं तिकडे जायचात, माझ्याऐवजी नावेत बसायचात आणि सांगायचात, मीच खोललीय. आयुष्यात तुम्ही बोललेलं तेवढंच खोटं मला माहीत आहे. तुम्ही गेल्यावर मी तो रिवाज गुपचूप मोडला. पिंपात पाणी भरून मोटर चालवायची आणि गिऱ्हाइकाला म्हणायचं, झाली की ट्रायल.

शनिवारी तो नाववाला आला, तुम्हाला चाचा म्हणायचा तो. आता त्याचेही केस पिकलेत. टेम्पोतून मोटर उतरवत म्हणाला, "ताई, पळवली तर झ्याक पळती, पर सावकाश ठिवली की मिसिंग मारती बगा. काठाला लागायच्या टायमाला तर बंदच पडती." मी कार्बोरेटर साफ केला, जेट फुंकले, प्लग काढले. एक प्लग कोरडा, दुसरा काळा आणि पेट्रोलनं ओला. तिथेच थांबायला हवं होतं, अब्बा. पण बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता आणि माझ्याही डोक्यात हवा गेलेली, इतक्या मोटरी खोलल्या, हिचं काय एवढं. प्लग पुसून परत बसवला. तरी न्यूट्रलमध्ये मोटर अडखळतच होती, म्हणून स्क्रू फिरवून रेस वाढवली. आवाज एकसारखा झाला. त्याचा चेहरा खुलला, मीही हसले.

हेच मी एकदा तुमच्यासमोर केलं होतं. माळशिरसच्या एका ऊसवाल्याचं पाण्याचं इंजिन होतं. तुम्ही चहाचा कप तसाच ठेवून उठलात, त्या माणसाच्या देखत स्क्रू होता तिथे परत नेलात आणि म्हणालात, "आवाज दबाई तू. बीमारी वइच है अंदर." इंजिन न घेताच त्याला परत जावं लागलं. गिऱ्हाइकासमोर माझी लाज काढली म्हणून मी आठवडाभर धुसफुसत होते. तुम्ही मात्र त्या दिवशी घरी आल्यावर स्वतःच्या हातानं मला वाढलंत आणि मी जेवते का बघत बसलात.

काल त्याचा फोन आला. "ताई, एक नंबर चालतीया! फकस्त गिअर टाकला की नाव हिसका देती." रेस वाढवलेल्या मोटरला गिअर टाकला की ती उसळणारच, हे मला कळायला नको? मी म्हटलं, नाव बंद ठेवा. तो हसला. "उद्या बाजार हाय की. बायाबापड्या पल्याडनं येणार कशा? मी घेतो सांबाळून, तुमी नगा काळजी करू."

आज पहिली एसटी धरली. टेंभुर्णी येईपर्यंत त्याला फोन लावत होते, तो उचलत नव्हता. नको ते डोळ्यांपुढे येत होतं. काठावर पोचले तर नाव मधोमध, माणसांनी भरलेली. मोटरचा आवाज येतोय, येतोय, आणि एकदम थांबला. वारा नावेला आडवं ढकलतोय, तो उभा राहून दोरी ओढतोय, एकदा, दोनदा, कितीदा कोण जाणे. एक बाई ओरडतेय. मी काठावर नुसती उभी. तोंडातून दुआही धड येईना. ही माणसं बुडाली तर ती मी बुडवली, एवढंच डोक्यात. मग मोटर लागली. काठाजवळ त्यानं गिअर टाकला तसा हिसका बसला आणि उतरायला उठलेली एक म्हातारी नावेतच आपटली. कोपर सोलवटलं तिचं. "मेले न्हाय अजून," म्हणून ती हसली. मला हसू आलं नाही.

मोटर तिथेच काठावर खोलली. पेट्रोल खेचणाऱ्या पंपाचा पडदा सुईच्या टोकाएवढा फाटला होता. तिथून पेट्रोल सरळ आत झिरपत होतं, म्हणून तो प्लग ओला. हत्यारांच्या पिशवीतला नवा पडदा घातला, रेस जागेवर आणली. तो म्हणाला, "चला ताई, चाचांची रीत हाय. खोलील त्यानं पयली फेरी." सगळे बघत होते. मी बसले. मधोमध गेल्यावर त्यानं मोटर न्यूट्रलला ठेवली आणि विचारलं, "ऐका, बरुबर हाय न्हवं?" मी म्हटलं, "बरोबर आहे." परत आल्या आल्या त्यानं माणसं भरली आणि गेला.

अब्बा, मला काहीच ऐकू आलं नव्हतं. डोळे मिटून मी नावेची कड धरली होती आणि कानात नुसते माझ्याच छातीचे ठोके. ती मोटर एकसारखी चालत होती की अडखळत होती, मला खरंच माहीत नाही. तो उद्या सकाळी पुन्हा नाव काढणार. त्याला फोन करून सांगायला हवं की मी येईपर्यंत नाव सोडू नका, मी पाण्याला भिते, मी मोटर ऐकलीच नाही. हे वाक्य तोंडातून निघेना, म्हणून आधी तुम्हाला लिहून पाहिलं.